संगणक मुका झाला. दोष एसएमपीएसचा की भिंतीतल्या विजेचा?

छत्रपती संभाजीनगर : प्रतिनिधी

रात्री व्यवस्थित बंद केलेला संगणक सकाळी बटण दाबूनही सुरू होत नाही. पंखा फिरत नाही, दिवा लागत नाही, पडद्यावर अक्षर उमटत नाही. परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत त्याच दिवशी संपत असते किंवा दुकानाचे विवरणपत्र भरायचे असते. दुरुस्तीसाठी नेल्यावर मिळणारी उत्तरे साधारणतः दोनच असतात : ‘एसएमपीएस गेला’ किंवा ‘मदरबोर्ड गेला’. या दोन उत्तरांच्या खर्चात मोठे अंतर आहे. जुन्या संगणकाला जुळणारा मदरबोर्ड सहसा मिळत नाही. मग प्रोसेसर आणि मेमरीही बदलावी लागते आणि पाहता पाहता नवा संगणकच घ्यावा लागतो. म्हणूनच दोष नेमका कोठे आहे, हे ग्राहकाला ढोबळमानाने तरी कळले पाहिजे.

त्यातही मराठवाड्याच्या या राजधानीत तिसरी शक्यता नेहमी ध्यानात ठेवावी लागते. ती म्हणजे दोष संगणकात नसून घराच्या विद्युतपुरवठ्यात किंवा अर्थिंगमध्ये असणे. ही शक्यता न तपासता नवा एसएमपीएस बसवला, तर तोही जुन्याच्याच वाटेने जातो.

एसएमपीएसचे काम काय?

ज्या पेटीला आपल्याकडे सर्रास ‘सीपीयू’ म्हटले जाते, तिच्या मागच्या बाजूला जेथे विजेची केबल लागते, तेथे आत एक पत्र्याचा डबा असतो. तोच एसएमपीएस. भिंतीतून येणाऱ्या २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेचे तो १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या एकदिश विजेत रूपांतर करतो. आज वापरात असलेल्या बहुतेक डेस्कटॉप संगणकांत या डब्याचा आकार, जोडण्या व व्होल्टेज ‘एटीएक्स’ या मानकानुसार ठरलेली असतात. इंटेल कंपनीने १९९५ मध्ये ते जाहीर केले आणि पुढे त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. या मानकाचा ग्राहकाला होणारा फायदा असा, की एका कंपनीचा एसएमपीएस दुसऱ्या कंपनीच्या मदरबोर्डला चालतो आणि त्यामुळेच तो तपासणेही सोपे जाते. काही नामांकित कंपन्यांच्या लहान आकाराच्या डेस्कटॉपमध्ये मात्र जोडण्या वेगळ्या असतात. तेथे पुढील तपासणी जशीच्या तशी लागू करू नये.

सुरुवात भिंतीपासून

पेटी उघडण्यापूर्वी प्लगकडे पाहावे. त्याच सॉकेटमध्ये टेबललॅम्प किंवा मोबाइलचा चार्जर लावून वीज येते का, हे पाहावे. मग एक्स्टेन्शन बोर्ड, स्टॅबिलायझर आणि यूपीएस यांना वगळून संगणक थेट भिंतीतील तीन पिनांच्या सॉकेटमध्ये लावून पाहावा. बॅटरी संपलेला यूपीएस हे ‘बंद पडलेल्या’ संगणकाचे फार सामान्य कारण आहे. केबल दोन्ही टोकांना घट्ट बसली आहे का, एसएमपीएसच्या मागचा लहान खटका चालू आहे का, हेही पाहावे. झाडलोट करताना हा खटका बंद होतो आणि घरातील कोणाच्याही लक्षात येत नाही.

जुन्या एसएमपीएसवर ११५ आणि २३० असे आकडे लिहिलेला एक लाल खटका असतो. आपल्या देशात तो २३० वरच असला पाहिजे. कुतूहलाने कोणी तो ११५ वर सरकवला आणि वीज सुरू केली, तर मोठा आवाज होऊन एसएमपीएस क्षणात निकामी होतो. नव्या, चांगल्या प्रतीच्या एसएमपीएसना हा खटका नसतो. ते १०० ते २४० व्होल्टचा पुरवठा आपोआप सांभाळतात.

आता मदरबोर्डवरील बारीक दिवा किंवा नेटवर्क केबलच्या जागेवरील दिवा पाहावा. संगणक ‘बंद’ असतानाही एसएमपीएस मदरबोर्डला ५ व्होल्टचा एक राखीव पुरवठा देत असतो. दिवा लागत असेल तर किमान हा भाग जिवंत आहे. अशा वेळी दोष समोरच्या बटणातही असू शकतो. बटणाच्या दोन बारीक तारा मदरबोर्डवरून काढून त्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडल्या आणि संगणक सुरू झाला, तर एसएमपीएस व मदरबोर्ड दोन्ही निर्दोष आहेत. बिघडले आहे ते फक्त बटण.

लक्षणे फसवी असतात

पूर्णपणे मृत एसएमपीएस ओळखणे तुलनेने सोपे. खरा त्रास अर्धवट आजारी एसएमपीएसचा. संगणक साध्या टंकलेखनाला चालतो आणि व्हिडिओ किंवा खेळ सुरू केला की पुन्हा सुरू होतो. पेनड्राइव्ह लावला की बंद पडतो. हार्डडिस्क मध्येच टकटक आवाज करते. निळा पडदा कधी येतो, कधी येत नाही. यांतील प्रत्येक लक्षण खराब मेमरी, तापलेला प्रोसेसर किंवा जीर्ण हार्डडिस्क यांमुळेही दिसू शकते. विंडोजच्या नोंदींत ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी ओळ सापडली, की अनेक जण ती एसएमपीएस गेल्याचा पुरावा मानतात. ते बरोबर नाही. संगणक रीतसर बंद झाला नव्हता, एवढेच ती नोंद सांगते. वीज गेली तरी तीच नोंद पडते. घड्याळ दरवेळी मागे जात असेल तर तो मदरबोर्डवरील ३ व्होल्टच्या नाण्यासारख्या बॅटरीचा दोष असतो, एसएमपीएसचा नव्हे.

सर्वांत जास्त गैरसमज होतो तो एका लक्षणाबाबत. बटण दाबल्यावर पंखा अर्धी गिरकी घेतो आणि थांबतो. हे पाहून एसएमपीएस अशक्त झाला, असा निष्कर्ष काढला जातो. प्रत्यक्षात अनेकदा तो सुदृढ असतो आणि पुढे कोठे तरी शॉर्ट सर्किट झाल्याचे ओळखून स्वतःहून बंद होत असतो. समोरच्या यूएसबी पोर्टमधील वाकलेली पट्टी, मदरबोर्डखाली घरंगळलेला स्क्रू, बिघडलेली हार्डडिस्क यांपैकी काहीही त्याला पुरेसे ठरते. अशा वेळी केबल काढून एखादा मिनिट थांबावे, हार्डडिस्क, डीव्हीडी ड्राइव्ह, वेगळे ग्राफिक्स कार्ड व समोरच्या यूएसबीच्या तारा सोडवाव्यात आणि केवळ मदरबोर्ड, प्रोसेसर व एक मेमरी यांवर संगणक सुरू करून पाहावा. सुरू झाला, तर प्रत्येक वेळी केबल काढून एकेक वस्तू परत जोडत जावे. जी जोडताच संगणक रुसतो, ती दोषी. (प्रोसेसरमध्ये चित्र देण्याची सोय नसेल तर ग्राफिक्स कार्ड ठेवावेच लागते.)

एका तारेची परीक्षा

एसएमपीएस स्वतंत्रपणे तपासण्याची एक जुनी रीत दुरुस्ती करणाऱ्यांना ठाऊक आहे. भिंतीतील केबल काढून एसएमपीएसच्या सर्व जोडण्या मदरबोर्डवरून व इतर भागांवरून सोडवायच्या. सर्वांत मोठ्या, २४ पिनांच्या (जुन्या संगणकांत २० पिनांच्या) जोडणीत एकच हिरवी तार असते. तिच्या दोन्ही बाजूंना काळ्या तारा असतात. हिरवी आणि शेजारची काळी या दोन छिद्रांत कागदाची पिन वाकवून घट्ट बसवायची, मग पिनेला हात न लावता वीज सुरू करायची. संगणकाचे बटण दाबल्यावर मदरबोर्ड जो निरोप पाठवतो, तोच निरोप ही पिन देते आणि निर्दोष एसएमपीएसचा पंखा फिरू लागतो. काही जुने एसएमपीएस अजिबात भार नसेल तर टिकत नाहीत. त्यांना एखादी निरुपयोगी हार्डडिस्क जोडावी. उलट काही नव्या एसएमपीएसचा पंखा तापल्याशिवाय फिरतच नाही. अनेक नव्यांच्या सगळ्याच तारा काळ्या असतात. तेथे माहितीपुस्तिकेतील आकृतीवरून १६ क्रमांकाची पिन शोधावी. अंदाजाने काही करू नये.

पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस उत्तीर्ण, असे मात्र नाही. त्यासाठी मल्टिमीटर लागतो. तो एकदिश विजेच्या २० व्होल्टच्या श्रेणीवर ठेवावा व काळी सळई काळ्या तारेला लावावी. जांभळ्या तारेवर संगणक बंद असतानाही ५ व्होल्ट मिळाले पाहिजेत. ते नसतील तर पुढे तपासण्याची गरज उरत नाही. एसएमपीएस सुरू असताना पिवळ्या तारेवर १२, तांबड्यावर ५ आणि नारिंगीवर ३.३ व्होल्ट अपेक्षित आहेत. मानकानुसार यात ५ टक्के कमी-अधिक चालते. म्हणजे पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६ आणि तांबड्यावर ४.७५ ते ५.२५ ही मर्यादा. राखाडी तारेवरचे ५ व्होल्ट म्हणजे ‘पुरवठा स्थिर झाला’ असा मदरबोर्डला दिलेला हिरवा कंदील. तो मिळेपर्यंत मदरबोर्ड प्रोसेसरला कामाला लावत नाही. पंखा फिरतो पण पडदा कोराच राहतो, याचे एक कारण हा कंदील न मिळणे हे असते.

ही मापे भाराशिवाय घेतलेली असतील तर त्यांवर पूर्ण विसंबू नये. सर्व जोडण्या परत बसवून, संगणक कामात असताना, जोडणीच्या मागच्या बाजूने सळई टेकवून पुन्हा माप घ्यावे. रिकाम्या हाताने १२ व्होल्ट दाखवणारा एसएमपीएस भार येताच ११ वर घसरला, तर निदान झाले. साध्या मल्टिमीटरला विजेतील जलद चढउतार दिसत नाहीत, ही त्याची मर्यादा. म्हणून अखेरचा आणि सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे हमखास चालणारा दुसरा एसएमपीएस जोडून पाहणे. दुकानदाराकडे आपल्यासमोर हीच चाचणी करण्याचा आग्रह धरावा. चांगला तंत्रज्ञ त्याला नकार देत नाही. मात्र ज्या एसएमपीएसच्या केबल्स सुट्या निघतात, त्यांच्या केबल्स दुसऱ्या कंपनीच्या डब्याला कधीही लावू नयेत. टोके बसतात, पण आतील तारांचा क्रम वेगळा असू शकतो आणि हार्डडिस्क जळते. संगणक पुन्हा विकत घेता येतो, हार्डडिस्कवरील छायाचित्रे आणि हिशेब नव्हेत.

डबा उघडू नका

एसएमपीएसचा डबा घरी उघडू नये, हे निक्षून सांगणे भाग आहे. २३० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज आत एकदिश झाल्यावर तिचा दाब सुमारे ३२५ व्होल्ट होतो आणि तो मोठ्या कपॅसिटरमध्ये साठतो. केबल काढल्यानंतरही हा साठा काही काळ राहू शकतो. आतला जळालेला फ्यूज बदलून काम भागेल, ही आशाही बहुधा व्यर्थ ठरते. फ्यूज उडतो तो पुढचा एखादा भाग शॉर्ट झाल्यामुळे. नवा फ्यूजही तत्काळ उडतो. बाहेरून जे करता येते ते करावे : जाळीवरची धूळ ब्रशने काढावी आणि जळका वास येतो का, याकडे लक्ष द्यावे. पालींना आणि झुरळांना ही उबदार जागा प्रिय असते, हेही विसरू नये.

कपॅसिटर हाच या यंत्राचा सर्वांत अल्पायुषी भाग. त्यातील द्रव उष्णतेने आटत जातो. तापमान १० अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे होते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जाणाऱ्या शहरात, पत्र्याच्या छताखालील दुकानात किंवा टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवलेल्या संगणकाचे काय होत असेल, हे त्यावरून समजते. २००० नंतरच्या काही वर्षांत तर सदोष द्रव असलेल्या कपॅसिटरनी जगभर मदरबोर्ड निकामी केले. डेल कंपनीने २००५ मध्ये त्यापोटी ३० कोटी डॉलरची तरतूद केली होती. मदरबोर्डवरील कपॅसिटरची डोकी फुगलेली दिसली, तर एसएमपीएस बदलून उपयोग नाही.

शहराची वीज आणि संगणक

२००५ नंतरच्या काही वर्षांत राज्यात मोठे भारनियमन होते. दिवसातून तासन्‌तास वीज जात असे आणि घरोघरी इन्व्हर्टर आले. तेवढे भारनियमन आता इतिहासजमा झाले असले, तरी वीज क्षणभर जाणे आणि दाब घसरणे थांबलेले नाही. वर्षानुवर्षे काही दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या या शहरात पाण्याच्या वेळी गल्लीतील सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात आणि दिवे मंदावतात. संगणक त्याच वेळी पुन्हा सुरू होत असेल, तर आधी घड्याळ पाहावे आणि मग दुकान गाठावे.

यामागचे गणित साधे आहे. आपल्या विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते. पुरवठा तुटल्यावर एसएमपीएसने साठवलेल्या ऊर्जेवर सुमारे १६-१७ मिलिसेकंद तग धरावा, अशी मानकाची अपेक्षा आहे. ही ऊर्जा दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. दाब २३० वरून १८० वर आला, की साठा जवळजवळ ४० टक्क्यांनी घटतो. त्यात कपॅसिटर जुना असेल, तर यूपीएस किंवा इन्व्हर्टर बॅटरीवर येईपर्यंतच्या काही मिलिसेकंदांत संगणक माना टाकतो. घरगुती इन्व्हर्टरवर संगणक चालवणाऱ्यांनी मागचा खटका ‘यूपीएस’ स्थितीत ठेवावा. त्या स्थितीत बदल जलद होतो. चौकोनी लहरी देणारे स्वस्त इन्व्हर्टर नव्या पद्धतीच्या काही एसएमपीएसना मानवत नाहीत. भिंतीवर ठीक, इन्व्हर्टरवर बंद, असे होत असेल तर कारण येथे शोधावे.

दाब घसरण्यापेक्षा घातक आहे न्यूट्रल तुटणे. तीन फेजच्या वाहिनीवर प्रत्येक घराला एक फेज आणि सामाईक न्यूट्रल मिळतो. खांबावर किंवा मीटरच्या पेटीत तो ढिला झाला, की दोन फेजमधील ४०० व्होल्ट घरांमध्ये विषम वाटले जातात. ज्या घरात भार कमी, तेथे दाब जास्त. काही दिवे एकाएकी प्रखर आणि काही मंद झाले, तर विचार करत न बसता मुख्य खटका बंद करावा आणि महावितरणला १९१२ या क्रमांकावर कळवावे. अशा रात्रीनंतर बंद पडलेल्या संगणकात एसएमपीएसच दगावला असण्याची शक्यता बरीच असते. पावसाळ्यापूर्वीच्या गडगडाटात वीज केवळ प्लगमधूनच येते असे नाही. ब्रॉडबँडच्या तांब्याच्या तारेतूनही ती मदरबोर्डपर्यंत पोहोचते.

पेटीला हात लावल्यावर झिणझिण्या

‘सीपीयूला हात लागला की झिणझिण्या येतात’ ही तक्रार घराघरांत ऐकू येते आणि बहुतेक जण पायात चप्पल घालून तिच्यावर तोडगा काढतात. एसएमपीएसच्या प्रवेशाजवळ फेज व न्यूट्रल यांपासून पत्र्याच्या पेटीला जोडलेले दोन लहान कपॅसिटर असतात. अर्थिंग असेल तर त्यांतून येणारा अत्यल्प प्रवाह जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर पेटीवर सुमारे निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास दाब तरंगत राहतो. म्हणजे झिणझिण्या हा एसएमपीएसचा नव्हे, अर्थिंगचा दोष असतो. प्रवाह अल्प असल्याने धक्का सौम्य वाटतो. परंतु उद्या खरोखर फेज पेटीला टेकला, तर त्याला जमिनीत जाण्यासाठी माणसाच्या देहाखेरीज वाट उरत नाही. प्रिंटर किंवा दूरचित्रवाणी संच जोडताना ठिणगी पडून पोर्ट जळतात, तेही यामुळेच.

अर्थिंगचा प्रश्न या परिसरात अधिक बिकट आहे. ज्या काळ्या पाषाणात वेरूळ-अजिंठ्याची लेणी खोदली गेली, त्याच बेसॉल्टवर हे शहर वसले आहे. मातीचा थर पातळ असेल आणि खाली कातळ लागला, तर अर्थिंगचा खड्डा पुरेसा खोल जात नाही. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की तिचा रोध वाढतो आणि पावसाळ्यात चांगले असलेले अर्थिंग मे महिन्यात नावापुरते उरते. कोळसा-मीठ घातलेल्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी घालण्याची जुन्या वायरमनची सूचना शास्त्राला धरूनच होती. आता नळीच्या स्वरूपातील तयार इलेक्ट्रोड मिळतात. अर्थिंगसाठी आयएस ३०४३ ही भारतीय मानक संहिता आहे. परवानाधारक वायरमनकडून रोध मोजून घ्यावा. केवळ मल्टिमीटरने फेज व अर्थ यांत २३० व्होल्ट दिसले म्हणून समाधान मानू नये. कुचकामी अर्थिंगवरही मल्टिमीटर तोच आकडा दाखवू शकतो.

नवा घेताना

डब्यावर मोठ्या अक्षरांत छापलेल्या वॅटवर विश्वास ठेवू नये. चिकटवलेल्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिले आहेत, ते पाहावे. तेथे १६ असेल, तर त्या वाहिनीवर मिळणार १९२ वॅट, मग वर ५०० छापलेले असो की ६००. साध्या कार्यालयीन संगणकाला १०० वॅटच्या आसपास वीज पुरते. वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल तर गरज कितीतरी वाढते. २००४ पासून दिले जाणारे ‘८० प्लस’ हे प्रमाणपत्र कार्यक्षमतेचे आहे, टिकाऊपणाचे नव्हे. तरीही ते खरे असेल तर निदान डबा अगदीच रिकामा नाही, एवढे कळते. हातात घेतल्यावर पिसासारखा हलका लागणारा एसएमपीएस परत ठेवावा. पावती आणि हमीपत्र मागून घ्यावे. अचानक दाब वाढून उपकरणे जळाली असतील, तर तारीख, वेळ आणि शेजाऱ्यांकडील नुकसान नमूद करून महावितरणकडे लेखी तक्रार करावी व तिची पोच घ्यावी. दाद मिळाली नाही तर वीज कायदा २००३ नुसार स्थापन झालेला ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे.

जुना एसएमपीएस कचराकुंडीत टाकू नये; ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू असून तो अधिकृत संकलकाकडेच गेला पाहिजे. त्याची तीन पिनांची केबल मात्र नव्याला चालते. ठेवून द्यावी, पण अर्थची जाड पिन कोणी कापलेली नाही ना, हे पाहूनच.